कोकणच्या दमट हवेत मिनी लेथ आणि मिनी मिल: मांडणीपासून पहिल्या जॉबपर्यंत

होडीच्या कप्पीचा बुश (भोकात बसणारी धातूची नळी), विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट किंवा पॉवर टिलरची एखादी पिन, अशा लहानसहान कामांसाठी किनाऱ्यावरच्या माणसाला रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतले वर्कशॉप गाठावे लागते. गणपतीच्या किंवा मासेमारीचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर एका बुशसाठी कोणताही टर्नर मोठा लेथ मोकळा करत नाही. घरच्या घरी असा जॉब करता यावा म्हणून पुष्कळ जण आता टेबलावर मावणारा मिनी लेथ (जॉब फिरवून तो टूलने कातणारे यंत्र) आणि त्याच्या जोडीची मिनी मिल (फिरत्या कटरने जॉब कापणारे यंत्र) घेऊ लागले आहेत. ही यंत्रे खोक्यातून काढली, प्लग लावला आणि काम सुरू केले, अशा प्रकारची नसतात. कारखान्यातून येतो तो जवळजवळ जुळवलेला संच असतो. त्यात अचूकता आणण्याचे काम मालकाचे असते आणि आलेली अचूकता खाऱ्या हवेत टिकवण्याचे कामही त्याचेच असते.

बाजारात ७ बाय १२ किंवा ७ बाय १४ या मापाने मिळणाऱ्या लेथवर साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब बेडवर, म्हणजे यंत्राच्या लांब पायावर, फिरू शकतो आणि दोन सेंटरमधले अंतर ३०० किंवा ३५० मिमी असते. स्पिंडलला, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याला, २० मिमीचे आरपार भोक आणि तीन नंबरचा मोर्स टेपर (निमुळती बैठक) असतो, तर टेलस्टॉकचा, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या सरकत्या भागाचा, टेपर दोन नंबरचा असतो. यंत्राचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. १८० मिमीचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, कारण लोखंडाच्या बाबतीत या यंत्राचा खरा आवाका ४०-५० मिमी व्यासापर्यंतचाच असतो. दोन्ही यंत्रे एकदम घेणे शक्य नसेल तर आधी लेथ घ्यावा. मिलवर लागणारे बरेचसे साहित्य लेथवर करता येते, उलट तसे होत नाही.

जागा आणि पाया

चिऱ्याच्या घरात यंत्रासाठी पडवी सुचते, कारण तेथे उजेड असतो आणि कचरा झाडून अंगणात लोटता येतो. मात्र पश्चिमेकडे उघडणारी पडवी ही या कामासाठी सर्वांत वाईट जागा होय. दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि ते प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर बसतात. जमिनीच्या बाजूची, दार लावून घेता येईल अशी, कोबा किंवा फरशी घातलेली खोली निवडावी. सारवलेल्या जमिनीची ओल यंत्राला बाधते आणि पोटमाळ्याची तक्तपोशी चालताना लवते, म्हणून या दोन्ही जागा टाळाव्यात.

टेबलाच्या बाबतीत कोकणात एक वेगळी अडचण आहे. ऐन किंवा फणसाची जाड फळी कितीही भक्कम असली तरी ती जूनमध्ये फुगते आणि जानेवारीत आकसते, आणि लेथ तिला थेट बोल्टने आवळलेला असेल तर फळीबरोबर लेथचा बेडही पिळला जातो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, जॉबला मात्र टेपर येऊ लागतो, म्हणजे तो एका टोकाकडे निमुळता होतो. यासाठी ५० मिमीच्या अँगलची वेल्ड केलेली चौकट करून घ्यावी, तिच्यावर १०० मिमीच्या लोखंडी चॅनलचे दोन तुकडे आडवे बसवावेत आणि लेथचे बोल्ट त्या चॅनलमध्ये घ्यावेत. लेथखाली येणारे रबरी पाय काढून टाकावेत. त्यांच्यावर उभा असलेला लेथ कट घेताना थरथरतो. टेबलाची उंची अशी ठेवावी की क्रॉस स्लाइडचे (टूल जॉबकडे नेणाऱ्या आडव्या स्लाइडचे) हँडल कोपराच्या पातळीला येईल. मिल उंच आणि डोक्याकडे जड असते, वजन ५०-६० किलोच्या घरात जाते. तीही बोल्टने पक्की करावी आणि उचलताना दोन माणसे असावीत.

वीज आणि अर्थिंग

यांतील बहुतेक यंत्रांना वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर चालणारी डीसी मोटर असते, आणि यंत्रातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे हा कंट्रोलर. गावाकडे २३० व्होल्टचा दाब संध्याकाळी बराच खाली येतो आणि वीज गेल्यावर परत येताना झटका देते, म्हणून मोटरच्या ताकदीला पुरून उरेल असा स्टॅबिलायझर लावावा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. वीज परत आल्यावर लेथ आपोआप सुरू होत नाही ना, हे पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद-चालू करून तपासावे. तो आपोआप सुरू होत असेल तर नो-व्होल्ट रिलीज असलेला (वीज जाताच सुटणारा) स्विच बसवल्याशिवाय चकला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या फिरत्या जबड्याला, हात लावू नये.

जांभ्या दगडाचा विद्युतरोध जास्त असल्यामुळे नुसती सळई ठोकून केलेले अर्थिंग उन्हाळ्यात जवळपास निरुपयोगी ठरते. कोळसा आणि मीठ घातलेला खड्डा करावा, मार्च ते मे त्यात पाणी घालावे आणि जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा स्विच बंद करण्यावर न थांबता प्लग काढून ठेवावा.

साफसफाई आणि जुळवणी

नवीन यंत्रावर गंज रोखण्यासाठी चिकट ग्रीस फासलेले असते आणि त्यात कारखान्यातली बारीक धातूची कचही असते. ते रॉकेलने किंवा मिनरल टर्पेंटाइनने काढावे लागते, परंतु सगळे यंत्र एकदम धुऊन रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी बेडवर तांबूस छटा दिसू शकते. एक स्लाइड काढावी, धुवावी, पुसावी, तिला लगेच ६८ ग्रेडचे स्लाइडवे ऑइल लावून परत बसवावी आणि मगच पुढच्या भागाला हात घालावा. हे काम कार्तिकापासून शिमग्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत काढले तर पुष्कळ त्रास वाचतो. सुटे भाग उघडलेलेच आहेत तर त्यांच्या कडांवरची बर (कापताना राहिलेली धारदार कोर) बारीक फाइलने काढून घ्यावी.

यानंतर गिबकडे वळावे. गिब ही स्लाइडच्या खाचेत बसणारी पट्टी असून बाजूच्या छोट्या स्क्रूंनी ती घट्ट-सैल होते. प्रत्येक स्क्रूचा लॉकनट सैल करावा, स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळावा, किंचित मागे घ्यावा आणि स्क्रू एका हाताने धरून ठेवून दुसऱ्या हाताने लॉकनट आवळावा. स्लाइड संपूर्ण लांबीत सारख्या जोराने सरकली पाहिजे. मध्ये सैल आणि टोकाला घट्ट लागत असेल तर गिब किंवा तिची खाच सरळ नाही असे समजावे. या कामाला एक संध्याकाळ द्यावी. लेथ थरथरतो, पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारे) अडकते, फिनिश खरखरीत येते, अशा नवशिक्यांच्या ज्या तक्रारी असतात त्यांतील निम्म्या तक्रारींचे मूळ गिबमध्ये असते, असे माझे मत आहे.

स्पिंडल प्रथम कमी वेगावर दहा मिनिटे चालवावा, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवावा आणि हेडस्टॉकला (स्पिंडल बसवलेल्या भागाला) हात लावून पाहावा. कोमट लागणे ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलेले आहे. हाय-लो गिअरचा दांडा चालू यंत्रावर कधीही हलवू नये, कारण आतले गिअर बहुधा प्लास्टिकचे असतात आणि त्यांचे दात क्षणात उडतात.

आता बेडचा पीळ तपासावा. चकमध्ये २५ मिमीचा लोखंडी बार १२५ मिमी बाहेर ठेवून धरावा आणि त्याला टेलस्टॉकचा आधार देऊ नये. बारचा मधला भाग थोडा खाली उतरवून चकजवळ एक आणि टोकाला एक असे दोन कॉलर ठेवावेत. धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्ही कॉलरवरून अगदी हलका कट घ्यावा आणि मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजावेत. १०० मिमी अंतरात दोन शतांश मिलिमीटरपेक्षा कमी फरक असेल तर घरगुती कामाला तो पुरेसा चांगला आहे. टोकाकडचा कॉलर जाड येत असेल तर त्या टोकाला टूल जॉबपासून आपल्याकडे सरकलेले असते. अशा वेळी टेलस्टॉकच्या बाजूच्या पुढच्या बोल्टखाली पातळ पत्र्याचे पॅकिंग घालावे, म्हणजे बेडचा वरचा भाग मागे झुकतो आणि टूल जॉबकडे जाते. टोकाकडचा कॉलर बारीक येत असेल तर मागच्या बोल्टखाली पॅकिंग घालावे. प्रत्येक बदलानंतर नवा हलका कट घेऊन पुन्हा मोजावे. पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा जेमतेम ०.१ मिमी जाड असतो आणि या पॅकिंगला तो उत्तम चालतो. बेड सरळ झाल्यावरच त्याच बारला सेंटर ड्रिल मारून, टेलस्टॉकचा आधार देऊन, तीच चाचणी पुन्हा करावी आणि आता येणारा फरक टेलस्टॉक आडवा सरकवून काढावा. हा क्रम उलटा केला तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते.

मिलच्या बाबतीत स्पिंडल टेबलाशी काटकोनात आहे का, हे पाहायचे असते. डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) स्पिंडलला अडकवावा, त्याचे टोक टेबलावर टेकवावे आणि स्पिंडल हाताने फिरवून डाव्या-उजव्या बाजूंचे आकडे पाहावेत. १५० मिमीच्या फेऱ्यात दोन-तीन शतांशांपेक्षा जास्त फरक असल्यास कॉलमच्या पायाचा मोठा नट सैल करून, कॉलम रबरी हातोडीने किंचित टिचकवून, नट पुन्हा आवळावा. आवळताना कॉलम थोडा सरकतोच, त्यामुळे धीर धरावा. पुढे-मागे असलेला फरक नटाने निघत नाही; त्यासाठी कॉलम आणि पाया यांच्यामध्ये पॅकिंगच घालावे लागते. शेवटी व्हाइस टेबलावर ठेवून त्याचा स्थिर जबडा डायल गेजने टेबलाच्या चालीशी समांतर करून घ्यावा.

टूल, वेग आणि हाताची शिस्त

कार्बाइडच्या टिपांचे संच आकर्षक दिसतात, पण या यंत्राच्या तुटपुंज्या ताकदीला हायस्पीड स्टीलचे टूल अधिक मानवते. त्याला घरच्या ग्राइंडरवर हवी तशी धार लावता येते आणि ते हलका कटही स्वच्छ घेते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर ८ मिमीचे टूल बिट सहज मिळतात. धार लावताना बिट वरचेवर पाण्यात बुडवावा. टूलचे टोक जॉबच्या मध्याच्या बरोबर उंचीला असावे लागते. त्यासाठी टूल आणि गोल जॉब यांच्यामध्ये स्टीलची पातळ पट्टी हलकेच दाबावी: पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर, पट्टीचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकले तर टूल वर आहे.

मिनिटाचे फेरे ठरवण्यासाठी कटिंग स्पीडला (मिनिटाला मीटर) १००० ने गुणावे आणि त्याला ३.१४ व व्यास यांच्या गुणाकाराने भागावे. हायस्पीड स्टीलच्या टूलला साध्या लोखंडावर मिनिटाला २५ मीटर, गनमेटल-पितळेवर ४५ च्या आसपास आणि ॲल्युमिनियमवर ६० किंवा त्याहून अधिक वेग चालतो. म्हणजे २० मिमीच्या लोखंडी बारला मिनिटाला सुमारे ४०० फेरे पुरतात. कटची खोली लोखंडावर व्यासात अर्ध्या मिलिमीटरपासून सुरू करावी आणि आवाज ऐकत वाढवावी. स्टेनलेस स्टील मात्र सुरुवातीला टाळावे. टूल नुसते घासत राहिले की स्टेनलेस कडक होते आणि मग पुढचा कट घेववत नाही.

हाताची शिस्त यापेक्षा महत्त्वाची आहे. चकची चावी हातातून सुटली तर ती टेबलावरच ठेवावी, चकमध्ये कधीही राहू देऊ नये. हातमोजे, अंगठी, गळ्यातली साखळी, ओढणी, लुंगीचा सुटा सोगा यांपैकी काहीही फिरत्या यंत्राजवळ नसावे. उकाड्यामुळे उघड्या अंगाने काम करण्याची सवय येथे अनेकांना असते. गरम चिप उडून छातीवर बसते, म्हणून आखूड बाह्यांचा अंगाबरोबरचा शर्ट आणि डोळ्यांना गॉगल असावाच. निघालेले लांब छिलके यंत्र थांबवून आकड्याने ओढावेत, हाताने नव्हे.

पहिला जॉब: गनमेटलचा बुश

कप्पीसाठी बाहेरून २२ मिमी, आतून १६ मिमी आणि ३० मिमी लांब बुश करायचा आहे असे धरू. २५ मिमीचा गनमेटल बार चकमध्ये ४० मिमी बाहेर ठेवून धरावा. या धातूसाठी टूलचा वरचा पृष्ठ सपाट असावा. लोखंडासाठी असतो तसा मागे उतार दिला तर टूल जॉबमध्ये ओढले जाते. ड्रिलच्या बाबतीतही हेच घडते, म्हणून ड्रिलच्या धारेवर बारीक ऑइलस्टोन फिरवून तिचा पुढचा तिखटपणा काढावा.

प्रथम तोंड साफ करावे, सेंटर ड्रिल मारावे, मग ६, १० आणि १३ मिमी असे टप्प्याने भोक वाढवावे. ड्रिल वारंवार बाहेर काढून चिप्स झटकाव्यात. त्यानंतर बोअरिंग बारने (भोक आतून कातणाऱ्या टूलने) भोक १५.८ मिमीपर्यंत आणावे. ड्रिलने पाडलेले भोक थोडे भरकटलेले असते, ते बोअरिंगने सरळ होते. रीमर (भोक शेवटच्या मापाला आणणारे हत्यार) मात्र भोकाच्या वाटेनेच जातो, म्हणून बोअरिंग वगळून थेट रीमर घालू नये. बाहेरचा व्यास मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर उतरवावा आणि शेवटचे दोन कट सारख्याच खोलीचे घ्यावेत, म्हणजे टूल किती लवते हे कळून शेवटचे माप चुकत नाही. बुश कप्पीत ठोकून बसवायचा असल्यास बाहेरचा व्यास कप्पीच्या भोकापेक्षा दोन-तीन शतांशांनी मोठा ठेवावा. बसवताना बुश आकसतो आणि आतले भोकही लहान होते, म्हणून १६ मिमीचा रीमर बुश कप्पीत बसल्यानंतर फिरवावा.

बुश बारपासून वेगळा करण्यासाठी पार्टिंग टूल वापरण्याचा मोह होतो. लहान लेथवर पार्टिंग हे सर्वांत अवघड काम आहे. बेडवर लाकडी फळी ठेवून, यंत्र बंद करून हॅकसॉने कापावे आणि बुश उलटा धरून ते तोंड साफ करावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दुसरा जॉब: शाफ्टला चावीची खाच

१६ मिमीच्या शाफ्टला ५ मिमीची चावी (शाफ्ट आणि त्यावरचे चाक एकत्र फिरवणारी धातूची पट्टी) लागते आणि शाफ्टमधली खाच ३ मिमी खोल असते. शाफ्ट मिलच्या व्हाइसमध्ये खाली समांतर पट्ट्या ठेवून आडवा धरावा. कटर कोलेटमध्येच (कटर चहूबाजूंनी आवळणाऱ्या चिरलेल्या बुशमध्ये) धरावा. ड्रिल चक बाजूचा जोर सोसण्यासाठी केलेला नसतो आणि कट घेताना तो टेपरमधून सुटून खाली येऊ शकतो. १० मिमीच्या एज फाइंडरने (स्पिंडलमध्ये धरून जॉबची कड शोधण्याच्या साधनाने) शाफ्टची बाजू शोधावी. बाजू लागताच एज फाइंडरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून ५ अधिक ८, म्हणजे १३ मिमीवर असतो. एज फाइंडर शाफ्टच्या वर उचलून टेबल तेवढे सरकवावे आणि ते एकाच दिशेने फिरवत आणावे. उलट दिशेने फिरवल्यास स्क्रू आणि नटमधला प्ले (मोकळीक) आधी भरून निघतो आणि डायलवरचा आकडा खोटा ठरतो. माप ओलांडले गेले तर पूर्ण फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यावे.

खाच थेट ५ मिमीच्या कटरने केली तर ती किंचित रुंद होते. ४ मिमीचा दोन धारांचा कटर मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर चालवून, एका वेळी अर्धा मिलिमीटर खोली घेत आधी मधली खाच करावी आणि मग दोन्ही बाजू चावी घालून पाहत वाढवाव्यात. बाजू कापताना टेबलाची चाल कटरच्या धारेच्या फिरण्याविरुद्ध ठेवावी. चाल आणि धार एकाच दिशेला गेली तर कटर टेबलाला प्ले असेल तितके झटक्याने ओढतो आणि बारीक कटर तेथेच मोडतो. ज्या स्लाइडची चाल नको आहे तिचे लॉक आवळून ठेवावे.

पावसाळा

किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, पण गंजाचे मूळ एकट्या पावसात नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही हवेतले पाणी ओढून घेते. त्यामुळे कोरड्या भासणाऱ्या दिवशीसुद्धा मीठ बसलेला बेड ओलसर राहतो. मीठ तेलात विरघळत नाही; मिठावर तेल फासले तर ते तेलाखाली अडकून आपले काम करत राहते. म्हणून काम संपल्यावर बेड आणि स्लाइड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात, लगेच कोरड्या कराव्यात आणि मग तेल लावावे. हा क्रम जुन्या टर्नरांना विचित्र वाटतो, खाडीकाठच्या घरात मात्र तो आवश्यक आहे. घामेजलेल्या बोटांचे ठसेही याच रीतीने काढावेत. पाण्यात मिसळायचे कूलंट शक्यतो वापरूच नये, कारण किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. ब्रशने लावलेले कटिंग ऑइल या यंत्रांना पुरते.

प्लास्टिकच्या आच्छादनाखाली दव धरते, म्हणून जाड सुती कापड किंवा जुनी गोधडी घालावी. लोखंड आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिले तर त्यावर पाणी साचत नाही. आच्छादनाखाली, कापडाला टेकणार नाही अशा बेताने, जाळीच्या पिंजऱ्यात ४० वॉटचा तारेचा बल्ब लावून ठेवणे हा सोपा उपाय आहे. एलईडी दिव्याची उष्णता त्याला पुरत नाही. मायक्रोमीटर, रीमर आणि कोलेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरावे. पावसाळ्यात पंधरा दिवस यंत्र वापरायचे नसेल तर टेलस्टॉक आणि चक काढून त्यांच्या टेपरना आणि बसकांना तेल लावावे, कारण तेथे धरलेला गंज वरून दिसत नाही.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाल्यावर बेडवर राहिलेले हळदकुंकू, ओली फुले आणि नारळाचे पाणी त्याच संध्याकाळी पुसून तेल लावावे. हवा कोरडी होऊ लागली की, साधारण दिवाळीच्या सुमारास, दोन कॉलरची चाचणी पुन्हा घ्यावी, गिबचे स्क्रू तपासावेत आणि मिलच्या टेबलावर डायल गेज फिरवून पाहावा. चॅनलवर बसवलेल्या लेथमध्ये बहुधा फारसा फरक आढळत नाही. आढळलाच तर पॅकिंगला हात लावण्याआधी चारही बोल्ट सैल झालेले नाहीत ना, हे पाहावे.